२२ जुलै २०११ : नॉर्वेतील ७७ हत्यांनंतर लोकमत कुठल्या दिशेने गेले?

२२ जुलै २०११ रोजी नॉर्वेमध्ये एका अतिउजव्या कट्टरपंथीयाने काही तासांत ७७ जणांची हत्या केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात झालेला हा सर्वांत भीषण हल्ला होता. युरोपातील स्थलांतर आणि बहुसांस्कृतिक समाज यांच्याविरुद्ध लोकांना ‘जागे’ करायचे आहे, असे हल्लेखोराचे म्हणणे होते. मग लोक खरेच त्याच्या बाजूने वळले का? की त्याच्या विचारांपासून आणखी दूर गेले? आणि जो बदल झाला, तो टिकला का? राजकीय हिंसाचाराने लोकमत कसे आणि किती बदलते, हे समजून घेण्यासाठी नॉर्वेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. कारण हल्ल्याच्या आधी आणि नंतर तिथे लोकांच्या मतांच्या पाहण्या झाल्या आणि अवघ्या सात आठवड्यांत मतदानही झाले.

नेमके काय घडले होते?

त्या शुक्रवारी दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी राजधानी ऑस्लोमध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये स्फोट झाला. त्यात आठ जण मरण पावले. रासायनिक खतापासून बनवलेला हा बॉम्ब सुमारे ९५० किलोचा होता. खताची खरेदी संशयास्पद वाटू नये म्हणून हल्लेखोराने आधीच एक शेत भाड्याने घेतले होते.

स्फोटानंतर तो मोटारीने ऑस्लोपासून सुमारे ४० किलोमीटरवरील उटोया या छोट्या बेटाकडे गेला. सत्ताधारी लेबर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर तिथे सुरू होते. पोलिसांचा गणवेश घालून, सुरक्षेसाठी आल्याचे सांगत तो बोटीने बेटावर पोहोचला. पुढे तासाभराहून अधिक काळ तो मुलामुलींवर गोळ्या झाडत राहिला. उटोयावरील मृतांची संख्या ६९ झाली. त्यांतील बहुतेक जण विशीच्या आतले होते. सर्वांत लहान मृत १४ वर्षांचे होते.

लक्ष्य हेच का निवडले?

हल्लेखोर अँडर्स बेहरिंग ब्रेविक हा ३२ वर्षांचा नॉर्वेजियन नागरिक होता. काही वर्षे तो स्थलांतराविरुद्ध कडक भूमिका घेणाऱ्या प्रोग्रेस पक्षाचा सदस्य होता. पुढे तो पक्ष त्याला मवाळ वाटू लागला आणि तो बाहेर पडला. मुस्लिम स्थलांतरितांमुळे युरोप बुडत आहे आणि लेबर पक्षासारखे ‘देशद्रोही’ त्याला जबाबदार आहेत, असा त्याचा समज होता.

म्हणूनच त्याने मशीद किंवा स्थलांतरितांची वस्ती निवडली नाही. त्याने सरकार आणि लेबर पक्षाची पुढची पिढी निवडली. हल्ल्याच्या थोडे आधी त्याने सुमारे दीड हजार पानांचा दस्तऐवज एक हजाराहून अधिक पत्त्यांवर ईमेलने पाठवला. हा दस्तऐवज जगभर पोहोचवणे हाही हल्ल्याचा एक हेतू होता. म्हणजे हत्या हे त्याच्या दृष्टीने प्रचाराचे साधन होते.

सुरुवातीला संशय कोणावर गेला?

स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत जगभरातील अनेक माध्यमांनी आणि तज्ज्ञांनी अंदाज बांधला की हे काम इस्लामी दहशतवाद्यांचे असावे. ब्रिटनमधील एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर थेट अल-कायदाचे नाव छापले. त्याच संध्याकाळी ऑस्लोच्या रस्त्यांवर मुस्लिम दिसणाऱ्या लोकांना शिवीगाळ झाल्याचे, त्यांच्या अंगावर धावून गेल्याचे प्रसंग नंतर समोर आले. हल्लेखोर नॉर्वेतलाच आहे हे रात्री उघड झाले आणि चर्चेचा सूर बदलला.

हे तास विसरता येत नाहीत. हल्लेखोर दुसऱ्या समाजातला निघाला असता, तर लोकमत कुठल्या दिशेला गेले असते याची झलक त्यांत दिसली होती.

लोकांची पहिली प्रतिक्रिया काय होती?

पंतप्रधान जेन्स स्टोल्टेनबर्ग यांनी दुसऱ्या दिवसापासून एकच भूमिका मांडली. या हल्ल्याला नॉर्वेचे उत्तर अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा आणि अधिक माणुसकी हे असेल, मात्र भाबडेपणा नसेल, असे ते म्हणाले. सूड किंवा आणीबाणीची भाषा त्यांनी वापरली नाही.

२५ जुलैला ऑस्लोमध्ये हातात गुलाब घेऊन दीड ते दोन लाख लोक जमले. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे सहा लाख होती, हे लक्षात घेतले की या संख्येचा अर्थ कळतो. गर्दी इतकी झाली की ठरलेला मोर्चा पुढे सरकूच शकला नाही. उटोयावर मरण पावलेल्या एका १८ वर्षांच्या कुर्दिश वंशाच्या मुलीच्या अंत्यसंस्काराला चर्चचे धर्मगुरू आणि इमाम सोबत चालत होते. ते छायाचित्र देशभर पाहिले गेले.

पाहण्यांमध्ये काय दिसले?

नॉर्वे हा मुळातच परस्परविश्वास जास्त असलेला समाज मानला जातो. हल्ल्याच्या काही महिने आधी संशोधकांनी तिथे लोकांच्या विश्वासाविषयी पाहणी केली होती. तेच प्रश्न ऑगस्टमध्ये पुन्हा विचारण्यात आले. भीतीने लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागतील, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात इतर माणसांवरचा आणि संस्थांवरचा विश्वास वाढलेला आढळला. पुढच्या वर्षभरात मात्र हा चढ ओसरत गेला.

स्थलांतरितांविषयीच्या मतांची सरकारी सांख्यिकी संस्थेची वार्षिक पाहणी त्या जुलैमध्ये सुरूच होती. त्यामुळे काहींच्या मुलाखती हल्ल्याच्या आधी झाल्या, तर काहींच्या नंतर. नंतर मुलाखत दिलेल्यांची उत्तरे स्थलांतरितांना अधिक अनुकूल होती. म्हणजे हल्लेखोराला जे हवे होते, त्याच्या बरोबर उलट घडले.

निवडणुकीत काय झाले?

सप्टेंबर २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका झाल्या. हल्ल्यानंतरच्या आठवड्यांत काही चाचण्यांमध्ये लेबर पक्षाचा पाठिंबा ४० टक्क्यांच्या आसपास गेला होता. प्रत्यक्ष मतदानात मात्र पक्षाला सुमारे ३२ टक्के मते मिळाली. चार वर्षांपूर्वीपेक्षा ही वाढ दोनच टक्क्यांची होती. सहानुभूती खरी होती, पण शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल या स्थानिक प्रश्नांवर लोकांनी आपल्या नेहमीच्या पसंतीनेच मत दिले.

प्रोग्रेस पक्षाची मते मात्र सुमारे १७.५ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आली. पक्षाने हल्ल्याचा स्पष्ट निषेध केला होता आणि हल्लेखोराशी आता काही संबंध नसल्याचे सांगितले होते. तरीही पक्षाच्या जुन्या आक्रमक भाषेकडे लोक नव्याने पाहू लागले. अर्थात, सगळी घसरण हल्ल्यामुळेच झाली असे म्हणता येत नाही. अंतर्गत वादांमुळे पक्षाचा पाठिंबा त्या वर्षी आधीपासूनच कमी होत होता. प्रोग्रेस पक्षापासून दुरावलेल्या अनेकांनी लेबर पक्षाकडे न जाता कन्झर्वेटिव्ह पक्षाला पसंती दिली. त्या पक्षाची मते सुमारे १९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेली.

एकूण मतदानही वाढले. राजकीय पक्षांच्या युवक संघटनांकडे नवे सदस्य आले, आणि ते फक्त लेबर पक्षाकडे नव्हे, तर इतर पक्षांकडेही.

मग वातावरण कधी बदलले?

ऑगस्ट २०१२ मध्ये स्वतंत्र चौकशी आयोगाचा अहवाल आला. आधीच मंजूर असलेले सुरक्षा उपाय वेळेत अमलात आणले असते, तर ऑस्लोतील बॉम्बहल्ला टाळता आला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. हल्लेखोराला उटोयावर याहून लवकर रोखता आले असते, असेही आयोगाने नोंदवले. स्फोटानंतर काही मिनिटांतच एका नागरिकाने संशयिताच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवला होता, पण ती माहिती वेळेत पुढे गेली नाही. बेटाकडे निघालेली पोलिसांची बोट जादा वजनामुळे बंद पडली. अहवालानंतर काही दिवसांतच राष्ट्रीय पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला आणि सरकारवर कठोर टीका झाली.

२०१३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लेबर पक्ष सत्तेबाहेर गेला. सुमारे १६ टक्के मते मिळवणारा प्रोग्रेस पक्ष कन्झर्वेटिव्ह पक्षासोबत प्रथमच सरकारमध्ये आला आणि त्याच्या नेत्या सिव्ह जेन्सन अर्थमंत्री झाल्या. जगातील काही माध्यमांनी ‘ब्रेविकचा जुना पक्ष सत्तेत’ अशा बातम्या केल्या. नॉर्वेतील बहुतेकांना ही मांडणी अन्यायकारक वाटली. मतदारांनी हल्ल्याला पाठिंबा दिला नव्हता. हल्ल्याने त्यांची मूळ राजकीय मतेच कायमची बदललेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

खटल्यात ‘वेडेपणा’चा मुद्दा का गाजला?

पहिल्या मनोविकारतज्ज्ञांनी ब्रेविक गंभीर मनोरुग्ण असल्याचा अहवाल दिला. त्यावर मोठा वाद झाला. तो वेडा ठरला, तर ही एका आजारी माणसाची कृती ठरेल आणि तिच्यामागच्या विचारांचा प्रश्नच उरणार नाही, अशी अनेकांची हरकत होती. न्यायालयाने दुसरी तपासणी करवली आणि तिचा निष्कर्ष उलटा आला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने त्याला आपल्या कृत्याला जबाबदार ठरवून २१ वर्षांची, पण धोका कायम राहिल्यास पुढे वाढवता येणारी कोठडी सुनावली. जानेवारी २०२२ मध्ये पॅरोलच्या सुनावणीला येताना त्याने नाझी सलाम केला. त्याचा अर्ज फेटाळला गेला.

‘२२ जुलैचे कार्ड’ म्हणजे काय?

हा हल्ला संपूर्ण देशावर झाला, ही भूमिका सुरुवातीला सर्वांना जवळची वाटली. त्यामुळे एकजूट टिकली. पण त्यात एक गोष्ट मागे पडली. हल्ला एका विशिष्ट पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांवर, त्यांच्या राजकीय मतांमुळे झाला होता. वाचलेल्या तरुणांनी द्वेषाच्या भाषेविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा ते ‘२२ जुलैचे कार्ड’ खेळत आहेत, म्हणजे शोकाचा राजकीय फायदा घेत आहेत, असा आरोप होऊ लागला. त्यांच्यापैकी अनेकांना ऑनलाइन शिवीगाळ आणि धमक्या आल्या.

२०२१ मध्ये दहाव्या स्मृतिदिनाच्या सुमारास युवक संघटनेने हा प्रश्न उघडपणे मांडला : पोलिसांच्या त्रुटींची चौकशी झाली, पण त्या विचारांचा हिशेब कुठे झाला? त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या योनास गार स्टोरे यांच्या मंत्रिमंडळात उटोयातून वाचलेले दोघे होते. टोन्ये ब्रेन्ना शिक्षणमंत्री झाल्या आणि यान ख्रिश्चन वेस्त्रे उद्योगमंत्री.

इतर देशांत काय दिसले?

जर्मनीत २४ जून १९२२ रोजी परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची अतिउजव्या संघटनेच्या तरुणांनी हत्या केली. राथेनाऊ ज्यू होते. निषेधासाठी लाखो लोक रस्त्यावर आले आणि महिनाभरात प्रजासत्ताकाच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला. पण अकरा वर्षांनी सत्तेवर आलेल्या नाझींनी त्याच मारेकऱ्यांचा वीर म्हणून गौरव केला.

अमेरिकेत १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीतील सरकारी इमारतीत झालेल्या स्फोटात १६८ जण मरण पावले. सरकारविरुद्ध उठाव पेटेल, अशी हल्लेखोर टिमोथी मॅकव्हे याची अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. दहशतवादविरोधी कायदे मात्र अधिक कडक झाले.

एकूण परिणाम काय?

बहुसंख्य लोक हिंसाचाराने हल्लेखोराच्या बाजूला वळत नाहीत, बहुतेकदा उलट दिशेला जातात. नॉर्वेतही तसेच झाले. पण हा संताप आणि ही एकजूट आपोआप टिकत नाही. त्या काळात कायदे, चौकशी आणि उघड चर्चा यांतून जे उभे राहते, तेच पुढे उरते. अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालण्याचा निर्णय नॉर्वेच्या संसदेत २०१८ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सात वर्षांनी झाला.

दुसरे म्हणजे, अशा हल्लेखोरांना सगळ्यांचे मत बदलायचे नसते, त्यांना थोडे अनुयायी पुरतात. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मशिदींवर हल्ला करून ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने आपल्या दस्तऐवजात ब्रेविकला प्रेरणास्थान म्हटले होते. त्याने हल्ल्याचे थेट प्रक्षेपण फेसबुकवर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्लोजवळच्या एका मशिदीवर तरुण हल्लेखोर चाल करून गेला. त्याआधी त्याने आपल्या सावत्र बहिणीची हत्या केली होती. मशिदीतील ज्येष्ठांनी त्याला पकडून ठेवले, म्हणून आणखी जीव गेले नाहीत.

ख्राइस्टचर्चनंतर पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव उच्चारायला नकार दिला. असा व्हिडिओ किंवा दस्तऐवज निषेध म्हणून पुढे पाठवला, तरी तो नव्या लोकांपर्यंत पोहोचतो, आणि हल्लेखोराला हवे असते तेच. हल्लेखोर कोण, हे पोलिसांनी सांगण्याआधी एखाद्या समाजाकडे बोट दाखवणारी पोस्ट काय करू शकते, हे २२ जुलैच्या संध्याकाळी ऑस्लोच्या रस्त्यांवर दिसले होते.