धुक्याच्या टेकडीवरची धावपट्टी

गॉलवेहून पहाटे चारला गाडी काढायची, ट्यूम मागे टाकायचं, क्लेअरमॉरिस ओलांडायचं, नॉकच्या तीर्थक्षेत्राला गाडीतूनच नमस्कार करायचा आणि पुढे वीसेक किलोमीटरवर टेकडी चढायला लागायचं. दोन्ही बाजूंना काळपट दलदल, मेंढ्या आणि बहुतेक वेळा समोर दाट धुकं. इथे विमानतळ असेल हे नवख्या माणसाला सांगूनही पटणार नाही. २०११ च्या ऑक्टोबरअखेर गॉलवेच्या छोट्या विमानतळावरची नियमित उड्डाणं बंद झाली आणि लंडनच्या क्लायंटकडे जाण्यासाठी मला हा रस्ता धरावा लागला.

पहिल्याच खेपेला माझा आणि या विमानतळाचा खटका उडाला. तिकीट स्वस्तातलं, वीस युरोंचं. पण सुरक्षा तपासणीच्या आधी 'विकास निधी' म्हणून दहा युरो भरून पावती घ्यावी लागत होती. तिकिटाच्या निम्मी रक्कम नुसती विमानापर्यंत चालत जायला! परत आल्यावर मी ही तक्रार आमच्या जुन्या घरमालकांच्या कानावर घातली. २००४ साली मास्टर्ससाठी आलो तेव्हा त्यांच्याच माडीवर भाड्याने राहत होतो. मूळचे ते मेयो परगण्यातले, आणि तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "तो विमानतळ सरकारने दिलेला नाही. आम्ही वर्गणी काढून पुरा केलाय. दहा युरोंचं काय घेऊन बसलास?"

वर्गणी काढून शाळा बांधतात, देऊळ बांधतात, फार तर तालुक्याला वाचनालय काढतात. विमानतळ? तेव्हापासून या टेकडीचा इतिहास जमेल तसा वाचत आणि विचारत गेलो. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या मंडळींनी तो ऐकावा असा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा परगणा. १८४१ च्या जनगणनेत इथे जवळपास ३ लाख ८९ हजार माणसं होती. मग १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ आला आणि माणसं मेली तरी किंवा बोटीत बसली तरी. दुष्काळ सरला, पण जाणं थांबलं नाही. १९८१ साली मेयोत उरली होती सुमारे १ लाख १५ हजार माणसं. म्हणजे दहातली सात नाहीशी! बाकीची कुठे होती? बर्मिंगहॅम, मँचेस्टर, कॉव्हेंट्री, लंडन. रस्ते खणत, इमारती उभारत, इस्पितळांत रुग्णसेवा करत.

आमचे घरमालक त्यांच्यातलेच. सतराव्या वर्षी कॉव्हेंट्रीला गेले. घरी यायचं म्हणजे आधी इंग्लंडातल्या आगगाड्या बदलत होलीहेड गाठायचं, रात्रीच्या बोटीने डन लेअरी, तिथून डब्लिन, मग आयर्लंड आडवं कापत जाणारी गाडी आणि शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गाव. वडील गेल्याची तार आली तेव्हा त्यांनी हातातलं काम टाकलं आणि तसेच निघाले. पोचले तेव्हा दफन होऊन एक दिवस झाला होता. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. एवढंच म्हणाले, "अंतर फार नव्हतं रे. प्रवास फार होता."

या पार्श्वभूमीवर आपल्या कथेचे नायक येतात, मोन्सिन्यॉर जेम्स होरन. मोन्सिन्यॉर हा कॅथलिक धर्मगुरूंचा मानाचा किताब. जन्म १९११ चा, मेयोतल्याच पार्ट्री गावचा. १९६७ मध्ये ते नॉकचे मुख्य धर्मगुरू झाले. या गावात १८७९ च्या ऑगस्टमध्ये पंधरा गावकऱ्यांना मदर मेरीचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. होरन यांनी तिथे दहा हजार माणसं मावतील असं भव्य चर्च उभारलं आणि १९७९ मध्ये, दर्शनाच्या शताब्दीला, प्रत्यक्ष पोप जॉन पॉल दुसरे नॉकला येऊन गेले. चार लाखांवर माणसं जमली असं सांगतात.

दुसरा कोणी असता तर इथे कृतार्थ होऊन स्वस्थ बसला असता. होरन यांनी विमानतळाचा ध्यास घेतला. यात्रेकरू येतील हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: गावंच्या गावं ओस पडत होती, आणि विमानतळाशिवाय ना कारखाना येणार, ना गेलेला माणूस परतणार. १९८० मध्ये चार्ल्स हॉही यांच्या सरकारने योजनेला मान्यता दिली आणि १९८१ मध्ये टेकडीवर यंत्रं चढली. दलदलीचा चिखल उपसायचा, खडक फोडायचा आणि खड्डे भरायचे असं ते काम. राष्ट्रीय दूरदर्शनचा वार्ताहर तिथे पोचला तर होरन यांनी मिश्कीलपणे सांगितलं की आम्ही विमानतळ बांधतोय, पैसे नाहीत, पण पुढच्या आठवड्यात येतील अशी आशा आहे. वाहतूक खात्याला मात्र कळवू नका! ती मुलाखत आयर्लंडात आजही आवडीने पाहिली जाते.

विनोद बाजूला ठेवू. टीका करणारेही वेडे नव्हते. १९८० च्या दशकातला आयर्लंड कर्जात बुडालेला देश होता. १९८६ च्या सुमारास शंभरातले सतरा जण बेकार होते. डब्लिनच्या नेत्यांनी आणि वृत्तपत्रांनी 'धुक्याची, दलदलीची टेकडी' म्हणून या प्रकल्पाची टिंगल केली. दरम्यान सरकार बदललं आणि नव्या आघाडी सरकारने अनुदानाला कात्री लावली. तोवर जवळपास एक कोटी आयरिश पौंड मिळाले होते, आणखी तीसेक लाख हवे होते. सत्तरी ओलांडलेले होरन सोडतीची तिकिटं घेऊन निघाले. मेयोतल्या घराघरांतून, इंग्लंडातल्या आयरिश वस्त्यांतून, पार अमेरिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पैसे गोळा झाले. आमच्या घरमालकांनी कॉव्हेंट्रीत तिकिटं घेतली होती. बक्षीस काही लागलं नाही!

२५ ऑक्टोबर १९८५ रोजी या धावपट्टीवरून तीन विमानं यात्रेकरूंना घेऊन रोमला उडाली. ३० मे १९८६ रोजी रीतसर उद्घाटन झालं, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या हॉही यांच्याच हस्ते. आणि दोनच महिन्यांनी, १ ऑगस्टला, लूर्दच्या यात्रेत असताना होरन यांचं निधन झालं. त्यांचा देह विमानाने आणला तो याच टेकडीवर. ज्या मातीतल्या माणसांना वेळेवर घरी पोचता यावं म्हणून त्यांनी एवढी धडपड केली, तिथे ते स्वतः असे पोचले.

विमानतळ तर झाला. पण नियमित विमानं कोण आणणार? नेमकी इथेच दुसरी गोष्ट येऊन मिळते.

टोनी रायन हे टिपरेरीतल्या आगगाडीच्या चालकाचे चिरंजीव. एअर लिंगसमध्ये नोकरी केली, मग विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यात नाव काढलं. त्यांच्या कुटुंबाच्या रायनएअरने १९८५ च्या जुलैत पहिली सेवा सुरू केली ती डब्लिनहून नव्हे, तर दक्षिणेतल्या वॉटरफर्डच्या छोट्या विमानतळावरून लंडनच्या गॅटविकला. विमान पंधरा आसनांचं! आत जागा इतकी कमी की सेविकांची उंची ५ फूट २ इंचांपेक्षा कमी असावी अशी अट होती. १९८६ मध्ये डब्लिन–लुटन मार्गाची परवानगी मिळाली. तोवर डब्लिन–लंडन हा एअर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेजचा दोघांतला मामला होता आणि परतीचं पूर्ण भाडं दोनशे पौंडांच्या घरात. रायनएअरने ते शंभराच्या आत आणलं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नॉक–लुटन सेवा सुरू झाली. सहा महिन्यांपूर्वी उघडलेला विमानतळ आणि दीड वर्षाची विमान कंपनी. दोघांनाही शहाण्या माणसांनी वेड्यात काढलेलं.

लुटन हे त्या काळी लंडनमधल्या साहेबलोकांचं विमानतळ नव्हतंच. पण मेयोच्या कामगाराला साहेबांच्या विमानतळाशी काय देणंघेणं? मोटरवेच्या कडेला असलेलं लुटन त्याला बरं पडे. आमचे घरमालक १९८७ च्या ईस्टरला पहिल्यांदा तिथून उडाले. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात, सोमवारी रात्री परत कॉव्हेंट्रीला. म्हातारीचा विश्वास बसेना. नोकरी गेली की काय, म्हणून तिने दोनदा विचारलं. तोवर मुलगा घरी यायचा तो ऑगस्टच्या सुट्टीत नाहीतर कुणी गेल्यावर. विनाकारण यायची सोय त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

आता इथे टाळ्या वाजवून थांबता येईल, पण इतिहास तसा थांबत नाही. १९९० पर्यंत रायनएअरचा साठलेला तोटा दोन कोटी पौंडांवर गेला. कंपनी वाचली ती अमेरिकेतल्या साउथवेस्टचा धडा गिरवून: विमानं एकाच जातीची, खानपान विकतचं, आणि उतरल्यापासून पंचवीस मिनिटांत पुन्हा आकाशात. १९९४ पासून त्यांच्याकडे बोइंग ७३७ येऊ लागली. पुढे १८९ आसनांच्या ७३७-८०० आल्या. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सगळं स्टँडर्डाइज केलं. पण यात एक मेख होती. मोठं विमान उतरायला लांब धावपट्टी लागते. वॉटरफर्डची धावपट्टी दीड किलोमीटरही भरत नाही. गॉलवेची आणि स्लायगोची त्याहून आखूड. ज्या वॉटरफर्डला ही कंपनी जन्मली तिथे तिची आजची विमानं उतरूच शकत नाहीत! स्लायगोची आणि गॉलवेची नियमित सेवा २०११ मध्ये बंद पडली, वॉटरफर्डची २०१६ मध्ये.

आणि नॉक? होरन यांनी बांधलेली धावपट्टी २,३०० मीटरची आहे. कोणतीही कंपनी दारात उभी नसताना, अनुदान आटलं असताना, त्या दलदलीत एवढी लांब धावपट्टी कशासाठी, असं विचारणाऱ्याला तेव्हा उत्तर देणं कठीण होतं. होरन मात्र सुरुवातीपासून मोठ्या जेट विमानांचाच विचार करत होते. छोट्या विमानांपुरती धावपट्टी त्यांना नकोच होती. २०१९ मध्ये नॉकहून आठ लाखांवर प्रवाशांनी ये-जा केली. २०२२ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या आहे १ लाख ३८ हजारांच्या आसपास! २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस नॉकला आले ते डब्लिनहून विमानाने, याच धावपट्टीवर उतरून.

मला यातून उमगलं ते एवढंच. स्वस्त विमान कंपनी गावावर उपकार करायला येत नाही. हिशेब जुळला तर मार्ग सुरू करते, चुकला तर बंद करते, आणि त्याबद्दल तिला दोष देण्यातही अर्थ नाही. कंपनी येते आणि जाते, धावपट्टी तिथेच राहते. तेव्हा धावपट्टी कुणाची आणि किती लांबीची, हे गावाने आधी ठरवलेलं असावं लागतं. नॉकची मालकी मुख्यतः स्थानिक विश्वस्तांकडे राहिली, म्हणून एक कंपनी गेली तर ते दुसरी शोधत राहिले, आणि कठीण वर्षांत तग धरायला ते दहा दहा युरो उपयोगी पडले.

हे सारं वाचताना मला माझं कुडाळ आठवत होतं. आमच्याकडेही घरटी एक माणूस मुंबईला. गावात म्हातारे आणि गणपतीला येणारे चाकरमानी. कोकण रेल्वेसाठी लोकांकडून रोख्यांतून पैसा उभा करावा लागला आणि १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा आमच्या वाडीत दिवाळी झाली होती. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गात चिपीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. धावपट्टी अडीच हजार मीटरची, म्हणजे नॉकपेक्षाही लांब. 'उडान' योजनेतून मुंबईला छोटं एटीआर विमान सुरू झालं. या योजनेत मार्गाला आधार मिळतो तो तीन वर्षांचा. २०२४ मध्ये ती मुदत सरली आणि ती सेवा थांबली. ती बातमी वाचून मी हळहळलो, पण मग नॉकची सुरुवातीची वर्षं आठवली. धावपट्टी आहे. ती कुणी तरी आपली म्हणायला हवी.

माझे बाबा २०१६ साली गेले, तेव्हा चिपीची धावपट्टी पुरी व्हायची होती. गॉलवे, डब्लिन, दुबई, मुंबई आणि मग रात्रभर रस्ता. मी पोचलो तेव्हा अंगणातला मांडव काढत होते. घरमालकांना फोनवर एवढंच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्याकडे एखादा होरन नाही का रे?"

त्यानंतर जेव्हा जेव्हा नॉकला गेलो, तेव्हा दहा युरो भरून पावती नीट घडी करून पाकिटात ठेवत असे. त्यातल्या काही अजून आहेत.