कारवी (प्रजनन)

कारवी (लॅ. स्ट्रोबिलँथिस कॅलोसा, कुल – ॲकँथेसी) : सह्याद्रीच्या उतारांवर दाटीने वाढणारे, सामान्यतः सात-आठ वर्षांच्या मुदतीने एकदाच फुलणारे आणि फळे धरल्यावर मुळासकट वाळून जाणारे अडुळशाच्या कुलातील झुडूप. नीस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले. पुढे १९४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी त्यास ‘कार्विया’ या स्वतंत्र प्रजातीत घातले, परंतु ती व्यवस्था सर्वमान्य झाली नाही. पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागात, पासली-केळदच्या बाजूस व मढे घाटाच्या माथ्याकडे, हे झुडूप इतके विपुल आहे की फुलझाडांच्या प्रजननाचा एखादा धडा पुस्तकाबाहेर वाचावयाचा असेल, तर याहून सोयीचे ठिकाण सहसा सापडणार नाही.

उगवल्यापासून पहिली कित्येक वर्षे कारवी केवळ वाढते. खरखरीत पाने, गाठाळ व सरळ काठ्या आणि पुरुषभर किंवा त्याहून अधिक उंची, एवढाच तिचा या काळातील व्यवहार. फुलाचा मागमूस नसतो. याच काठ्या तोडून, त्यांचे कूड विणून व शेणमातीने लिंपून मावळातील घरांच्या भिंती उभ्या राहत, आणि आजही गोठ्यांना व आडोशांना त्या कामी येतात. मुदत भरली म्हणजे मात्र एका वयाची सारी झाडे एकाच पावसाळ्यात, बहुधा श्रावण-भाद्रपदात, कळ्या धरतात आणि डोंगराचा उतारच्या उतार जांभळट निळा होतो.

फुले कणसांसारख्या फुलोऱ्यात येतात. फुलोऱ्यावरील केस चिकट व उग्र वासाचे असून बोटांना लागलेला तो चिकटा सहज जात नाही. पाकळ्या एकमेकींशी जुळून पुष्पमुकुटाची नळी बनते. मध तिच्या तळाशी असल्याने त्यासाठी आत शिरणाऱ्या माशीच्या अंगाला पराग माखतो आणि पुढील फुलाच्या किंजल्कावर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकावर, तो पोहोचता होतो. कड्यांना पोळी लटकविणाऱ्या आग्या माश्या व झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या सातेरी माश्या यांची अशा वर्षी मोठी चंगळ असते. कारवीचा दाट, काळसर मध जाणकार वेगळा ओळखतात, आणि त्याची वाट पाहण्यास लागणारा काळ लक्षात घेता त्याची महती अवाजवी म्हणता येणार नाही.

किंजल्कावर रुजलेल्या परागकणातून नलिका निघते व किंजलातून खाली उतरून किंजपुटातील बीजकापर्यंत पोहोचते. तिच्यातून आलेल्या दोन पुंयुग्मकांपैकी एकाचा अंडकोशिकेशी संयोग होऊन गर्भ तयार होतो, तर दुसऱ्याचा भ्रूणकोशाच्या मध्यवर्ती केंद्रकांशी संयोग होऊन गर्भाच्या पोषणाचा पुष्क बनतो. हे दुहेरी फलन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुलातील वनस्पतींत प्रथम दाखविले, व ते आवृतबीज वनस्पतींचे खास लक्षण ठरले. अडुळशाच्या कुलात गर्भ हा पुष्क बहुधा आधीच खाऊन टाकतो, म्हणून पक्व बीजात अन्नाची बेगमी जाड दलिकांतच असते.

बीजप्रसाराची तजवीज सर्वांत चतुर आहे. फळे, म्हणजे लहान बोंडे, धरली की झाडाचे आयुष्य संपत येते. पाने गळतात, काठ्या वाळतात, पण सुकी बोंडे उन्हाळाभर मिटलेलीच राहतात. बी आताच जमिनीवर पडले तर वैशाखाच्या उन्हात करपेल अथवा किड्या-उंदरांच्या तोंडी जाईल. मृगाच्या पहिल्या सरीने ओलावा लागताच बोंडाच्या कवचात ताण उत्पन्न होऊन ते ताडकन फुटते आणि बीजांना खालून टेकू देणारे वाकडे आकडे त्यांना दूर भिरकावतात. आई मेलेली व जमीन भिजलेली अशा नेमक्या घटकेस बीज मातीत पडते. पाठोपाठ रोपांचे दाट रान उठते व त्यांची आपसांतील चुरस पुढे कित्येक वर्षे चालते.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी खाचरातील भाताच्या परागणाचा रिवाज अगदी उलटा आहे. पोटरीतून निसवलेल्या लोंबीतील प्रत्येक फूल सकाळच्या प्रहरी सुमारे तासभर उघडते, त्याचे परागकोश उघडण्याच्या सुमारासच फुटतात आणि बहुतेक फलन त्याच फुलात उरकते. माशीची गरज नाही, मात्र ऐन फुलोऱ्यात पावसाची झोड लागली तर दाणा न भरता पळींज राहते.

कारवीने इतकी वर्षे थांबून एकदम फुलण्याचे प्रयोजन काय, याचा एक खुलासा जीवशास्त्रज्ञ डॅनिएल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूंसंबंधी लिहिताना मांडला : बी खाणाऱ्या प्राण्यांच्या भुकेपेक्षा कितीतरी अधिक बी एकाच वेळी आले की त्यांतील पुष्कळ सुटते, आणि मधल्या वर्षांत खाणाऱ्यांची संख्या वाढण्यास वाव मिळत नाही. कारवीलाही तो बराच लागू पडतो. परंतु सर्व सह्याद्रीत फुलण्याचे वर्ष एक नसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ व २०१६ या वर्षी फुलली, म्हणून वेल्ह्यातही तीच वर्षे धरणे चूक होईल. फुलोऱ्याचे वर्ष नोंदविताना खोऱ्याचे व उताराचे नावही लिहावे लागते.