मोठ्या आवाजासाठी जन्मलेली गिटार

गिटार हे वाद्य मुळात माजघरातले. चार माणसांच्या बैठकीत ते गोड बोलते; पण शेजारी ट्रंपेट आणि ढोल येऊन बसले की त्या बिचारीचे कोण ऐकतो! आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या जमान्यात गायक-नट माइकशिवाय थेट पिटापर्यंत आवाज पोचवीत. त्यांच्यापाशी कमावलेला गळा होता. गिटारला तो नव्हता, आणि म्हणून तिला तो धातूचा करून देण्याची कल्पना निघाली. तीच ही हकीकत.

१९१५ साली सान फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे हवाई बेटांतल्या वादकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवीत अशी काही मींड काढली की अमेरिका त्या सुरांनी वेडी झाली. पण थिएटरे मोठी आणि साथीचे वाद्यवृंद त्याहून दणदणीत. जॉर्ज बोशँप नावाचा एक वादक याला कंटाळला. त्याने लॉस एंजलिसमधल्या जॉन डोपेरा या कारागिराला गाठले आणि 'मोठी बोलणारी' गिटार मागितली. डोपेरा हा मूळचा स्लोव्हाक. घरात व्हायोलिन बनवण्याचा वारसा.

डोपेराने १९२७ साली जे घडवले ते पाहून मला अजूनही कौतुक वाटते. गिटारचे अंग त्याने धातूचे केले आणि पोटात अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले. तारांचे कंपन घोडीवाटे त्या शंकूंना मिळते आणि ते हवा हलवतात. लाउडस्पीकरात कागदी शंकू जे काम विजेच्या जोरावर करतो, ते येथे नुसते बोट करते! सोल हूपीसारख्या नामांकित हवाईयन वादकाने ही गिटार हाती घेतली आणि 'नॅशनल' कंपनीची भरभराट सुरू झाली.

पण भागीदारी म्हटली की भांडण आलेच. डोपेरा लवकरच बाहेर पडला. भावांना घेऊन त्याने 'डोब्रो' काढली. डोपेरा ब्रदर्स यांतली अक्षरे जोडून हे नाव झाले, आणि स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थही 'चांगले' असा होतो. हिच्यात शंकू एकच, वर तोंड करून वाटीसारखा बसवलेला, आणि घोडीला कोळ्यासारखे आठ पाय. अंग बहुधा लाकडाचे.

गंमत पुढेच आहे. ज्या बोशँपने मोठ्या आवाजासाठी एवढा खटाटोप करवला, त्यानेच १९३१ साली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे वापरून विजेची गिटार सिद्ध केली. आकारामुळे तिला लोक 'तवा' म्हणू लागले. १९३२ पासून ती विकायला आली आणि शंकूंची गरजच सरली. हिशेबाने ही गिटार तेव्हाच अडगळीत जायला हवी होती.

ती गेली नाही, कारण मोठेपणाच्या शोधात तिला स्वतःचा असा एक आवाज सापडून गेला होता. किंचित अनुनासिक, धातूची धार असलेला, एकाच वेळी रडका आणि खट्याळ. १९३९ पासून ब्रदर ऑस्वाल्ड हा वादक रॉय एकफच्या संचात डोब्रो वाजवू लागला. १९५५ साली जॉश ग्रेव्हज फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या मंडळीत आला आणि बँजोची तीन बोटांची चपळाई त्याने डोब्रोवर आणली. ही मंडळी एकाच माइकभोवती उभी राहत. ज्याची पाळी त्याने पुढे सरायचे, झाली की बाजूला व्हायचे. आवाज कमी-जास्त करणे हे पायांचे काम होते!

पण माणसामाणसाला वेगळा माइक मिळू लागल्यावर खरी अडचण आली. या गिटारचा शंकू बाहेरच्या आवाजानेही थरथरतो. रंगमंचावरच्या स्पीकरचा आवाज त्याला आणि माइकला लागला की कुई सुरू. यावर इलाज होता तो बेंजामिन बाउअर या अभियंत्याच्या कामात. १९३९ साली शुअर कंपनीसाठी त्याने एकाच ग्राहकाचा, समोरचे ऐकणारा आणि पाठीमागच्याकडे दुर्लक्ष करणारा माइक केला. त्याच घराण्यातला एसएम ५७ हा १९६५ साली आला.

मग माइक कोणता घ्यावा? कंडेन्सर बारीकसारीक सारे टिपतो. स्टुडिओत त्याला तोड नाही, पण गजबजलेल्या मंचावर तो शेजाऱ्याचा ढोलही टिपतो. रिबन माइक धार मऊ करतो, पण तो पुढचे तसेच मागचेही ऐकतो, आणि अंगाने नाजूक. घोडीखाली चिकटवायचे पिकअप कुई कमी करतात खरे. पण त्यांना हवेतला आवाज ठाऊकच नाही, आणि या वाद्याचा जीव तर हवेत. म्हणून मला विचाराल तर साधा एसएम ५७ बरा.

तो ठेवायचा कोठे, हे मात्र कानाने ठरवावे. जाळीदार झाकणाच्या अगदी वर धरला तर पत्रा वाजतो. वरच्या भोकांपाशी नेला तर आवाज घुमतो. दोहोंच्या मधोमध, वीतभर अंतरावरून सुरुवात करावी. फार जवळ नेला तर खर्ज फुगतो. आडव्या डोब्रोसाठी माइक वरून वाकवावा लागतो, उभ्या धरलेल्या नॅशनलला समोरून चालतो. वादकाचा स्पीकर माइकच्या पाठीशी ठेवावा, आणि तालमीत ज्या जोराने वाजवले त्याच जोराने वाजवून पाहावे.