एकाच आराखड्याच्या दोन होड्या

कॅटमरान हा शब्द तामिळ, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे झाड, लाकूड. मद्रासच्या किनाऱ्यावर ओंडके बांधून केलेला तराफा इंग्रजांनी पाहिला, त्याचे नाव उचलले आणि पुढे शेजारी शेजारी जोडलेल्या कुठल्याही जोडहोडीला ते लावून टाकले. विसाव्या शतकाच्या मध्यास व्हिक्टर चेचेट या मूळच्या युक्रेनच्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या गृहस्थाने तीन होड्या एकत्र जोडल्या. त्याने त्या तामिळ शब्दाचे अर्धे शेपूट ठेवले, पुढे 'ट्राय' लावले आणि ट्रायमरान तयार झाली. शब्दसुद्धा होडीसारखाच, तुकडे जोडून केलेला!

गोमंतकीय माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. पाळोळेच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी पाहा. तिच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर एक लाकडी ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी. होडी अरुंद असूनही लाटेत कलंडत नाही ती त्या उलांडीमुळे. उलांडी एकीकडेच न बांधता दोन्हीकडे बांधा, भरीव ओंडक्याच्या जागी पोकळ, बंदिस्त, निमुळती होडी घ्या, म्हणजे ढोबळमानाने ट्रायमरान झाली. मधल्या होडीत माणसे आणि सामान, बाजूच्या दोन होड्या तोल सांभाळायला.

आता प्रश्न असा की किनाऱ्याजवळ फिरायला ही युक्ती उत्तम, पण महिनोन्‌महिने भर समुद्रात राहायचे असेल तर कोणती ट्रायमरान घ्यावी? मुळात घ्यावी का? श्रीमंतांच्या छंदाचा हा प्रश्न आहे असे वाटून मीही बरीच वर्षे त्याकडे पाहिले नव्हते. पण १९६८-६९ साली दोन माणसांनी त्याचे उत्तर स्वतःच्या जिवावर शोधले. दोघांच्या होड्या एकाच आराखड्याच्या होत्या. ती हकीकत वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी थोडे यंत्रशास्त्र. साध्या शिडाच्या बोटीच्या तळाशी लोखंडाचे किंवा शिशाचे जड वजन असते. वारा वाढला की ती कलते, कलली की शिडावरचा वारा निसटतो आणि तळाचे वजन तिला पुन्हा उभी करते. पार उलटली तरी बहुधा परत सुलटी होते. ट्रायमरानला हे वजन नसते. तिची सगळी ताकद रुंदीत. म्हणून ती हलकी, वेगवान, जवळजवळ सपाट चालणारी. जेवणाचे ताट ठेवले तर जागचे हलणार नाही. पण एका मर्यादेपलीकडे बाजूची होडी पाण्याबाहेर उचलली गेली आणि ती उलटली, की उलटी पडूनही तितकीच स्थिर राहते. पुन्हा सुलटी होत नाही. साधी बोट आधी कलून सांगते, ही फारसे काही सांगत नाही.

१९६०च्या दशकात आर्थर पायव्हर या अमेरिकन माणसाने ट्रायमरान सामान्यांच्या घरापर्यंत नेली. प्लायवूडची, परसात कुणालाही बांधता येईल अशी होडी, आणि आराखडे टपालाने विकत. १९६० साली तो स्वतः आपल्या 'निंबल' नावाच्या ३० फुटी ट्रायमरानमधून अटलांटिक ओलांडून गेला. साध्या बोटीवाले नाके मुरडत राहिले आणि हौशी लोक प्लायवूड कापत राहिले. पायव्हर १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एकट्याने होडी नेत असता नाहीसा झाला. त्याचा 'व्हिक्ट्रेस' हा ४० फूट लांब आणि २२ फूट रुंद आराखडा मात्र त्याच वर्षी जगप्रसिद्ध झाला.

त्या वर्षी लंडनच्या 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या काळात कधीही निघावे. पहिल्या परतणाऱ्याला सोन्याचा गोलक आणि सर्वांत कमी दिवसांत पुरी करणाऱ्याला ५००० पौंड. म्हणजे बक्षिसे दोन आणि त्यांची गणिते वेगळी. उशिरा निघणाऱ्याला पहिले बक्षीस दूर होते, पण दुसरे वेगवान होडीच्या आवाक्यात होते. नऊजण निघाले. त्यांतला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३२ फुटांच्या 'सुहेली'तून निघाला. ही सुहेली मुंबईत सागवानाची बांधलेली. सावकाश चालणारी, जड, जुन्या घाटाची.

नायजेल टेटली हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. त्याची 'व्हिक्ट्रेस' हे त्याचे घरच होते. पत्नीसह तो तिच्यावर राहत असे. मोठी केबिन, मोठ्या खिडक्या, आणि प्रायोजक एक संगीताच्या तबकड्या काढणारी कंपनी, त्यामुळे दक्षिण महासागराच्या वादळात हा गृहस्थ संगीत ऐकत चाललेला. शर्यतीसाठी त्याने होडी निवडली नाही, जी होती ती घेऊन तो १६ सप्टेंबरला निघाला. १८ मार्च १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले आणि एप्रिलमध्ये जाताना आखलेली स्वतःचीच वाट अटलांटिकमध्ये छेदली. ट्रायमरानने पृथ्वीप्रदक्षिणा होते हे सिद्ध झाले. पण होडीचे सांधे तोवर उसवू लागले होते. बाजूच्या होड्यांत पाणी शिरत होते, प्लायवूड फाटत होते आणि टेटली डागडुजी करत होता.

डोनाल्ड क्रोहर्स्टची गोष्ट निराळी. याचा जन्म १९३२ साली गाझियाबादचा. वडील आपल्याकडच्या रेल्वेत नोकरीला. १९४७ नंतर कुटुंब इंग्लंडला परतले. जन्माची पुंजी इथल्या एका खेळसाहित्याच्या कारखान्यात गुंतवलेली, ती फाळणीच्या दंगलीत जळाली. डोनाल्ड इलेक्ट्रॉनिक्समधला हुशार माणूस, पण त्याची छोटी कंपनी डबघाईला आलेली. शर्यत जिंकली तर कंपनी तरेल हा हिशेब. त्याला हवी होती सर फ्रान्सिस चिचेस्टरची 'जिप्सी मॉथ', ती मिळाली नाही. मग वेळ कमी, पैसा दुसऱ्याचा आणि मुदत ३१ ऑक्टोबरची, अशा परिस्थितीत त्याने व्हिक्ट्रेसचा आराखडा निवडला. त्याच्या गणितात ट्रायमरान बसत होती, कारण ती कागदावर सर्वांत वेगवान होती.

मी पडलो कारकून. मला वाऱ्याआधी कराराची कलमे दिसतात. भांडवलदाराशी झालेल्या करारात असे होते की सफर फसली तर होडी क्रोहर्स्टच्या कंपनीने विकत घ्यायची, आणि तारण म्हणून राहते घरही अडकलेले. माझ्या मते त्याची होडी इथेच निवडली गेली. अशी सही केलेला माणूस 'ही होडी तयार नाही, मी जात नाही' असे म्हणू शकत नाही.

होडी खरोखरच तयार नव्हती. उलटली तर सुलटी व्हावी म्हणून डोलकाठीच्या टोकाला आपोआप फुगणारी पिशवी बसवायची त्याची कल्पना होती. कल्पना बरी होती. पण यंत्रणा पुरी झालीच नाही, तारा कुठेच न जोडता केबिनमध्ये लोंबत राहिल्या. कारखान्यापासून टिनमथ बंदरापर्यंतच्या तीन दिवसांच्या वाटेला तेरा दिवस लागले, कारण वाऱ्याच्या तोंडावर ती चालेना. हे कळायला तेवढे पुरेसे होते. तरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो निघाला. काही आठवड्यांतच बाजूच्या होड्यांच्या झाकणांतून पाणी येऊ लागले. दक्षिण महासागरात या होडीने आपण मरणार आणि परतलो तर दिवाळे, हे त्याला दिसले. मग त्याने खोटे मुक्काम कळवायला सुरुवात केली. डिसेंबरात एका दिवसात २४३ सागरी मैल कापल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घुटमळत होता. मार्चमध्ये गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागून त्याने प्लायवूडचे ठिगळ लावले.

या खोट्याचा फटका टेटलीला बसला. सुहेली २२ एप्रिल १९६९ रोजी ३१२ दिवसांनी परतली, पहिले बक्षीस गेले. सर्वांत वेगाने येणारा फ्रेंच मोईतेसिए शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला होता. टेटली सावकाश आला असता तरी ५००० पौंड त्याचे. पण मागून क्रोहर्स्ट भरधाव येतोय अशी बातमी, म्हणून त्याने मोडक्या होडीवर शिडे चढवली. २१ मे रोजी वादळात डाव्या होडीचे टोक तुटले आणि त्याने मधल्या होडीलाच भोक पाडले. घर सुमारे ११०० सागरी मैलांवर होते. रबरी तराफ्यावरून एका इटालियन टँकरने त्याला उचलले. व्हिक्ट्रेस बुडाली.

आता क्रोहर्स्टच उरला, म्हणजे त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. त्याची शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलै रोजी होडी रिकामी तरंगताना सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५००० पौंड त्याच्या कुटुंबाला दिले. होडी पुढे फिरत फिरत कॅरिबियनमधल्या केमन ब्रॅक बेटावर पोचली आणि तिथल्या वाळूत कुजत पडली.

ट्रायमरान ही जातच वाईट, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. व्हिक्ट्रेस ही हौशी कुटुंबांसाठी आखलेली स्वस्त होडी. तिच्याकडून केप हॉर्नची अपेक्षा हीच मुळात जास्त होती, आणि तरीही टेटलीला तिने जगाला वळसा घालून आणले. ती मोडली ती वजनाने आणि घाईने. बाजूच्या होड्या हलक्या असतात, म्हणून वर्षभराचे अन्नपाणी आणि हत्यारे-यंत्रे भरली की मधली होडी खोल बसते, लाटा आडव्या दांड्यांना खालून धडका देतात आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. दुकानदाराला वेग विचारण्याआधी किती किलो सामान चालेल हे विचारावे, ते यासाठी.

पुढच्या आखणीकारांनी हे धडे घेतले. जिम ब्राऊनच्या 'सीरनर' होड्या लांबच्या सफरीसाठीच काढलेल्या. त्यांत बसायची जागा मधोमध, म्हणजे वजन मध्यावर, आणि खाली सोडायची फळी, म्हणजे वाऱ्याविरुद्धही चालते. फिल वेल्डची 'गल्फ स्ट्रीमर' १९७६ साली अटलांटिकमध्ये उलटली. तो आणि साथीदार पाच दिवस उलट्या होडीत तगले. चार वर्षांनी, वयाच्या ६५व्या वर्षी, त्याने डिक न्यूइकने आखलेल्या 'मॉक्सी' या ट्रायमरानमधून एकट्याने अटलांटिक शर्यत जिंकली. १९८९ साली न्यूझीलंडजवळ 'रोझ-नोएल' उलटली आणि चार माणसे ११९ दिवस तिच्यावर तरंगत राहून जिवंत किनाऱ्याला लागली. उलटली तरी बुडत नाही, हे तिचे मोठेपण. मात्र आतल्या माणसाला उलट्या स्थितीत बाहेर पडायला झडप हवी, आणि पाणी-अन्न-तराफा तिथून हाताला लागेल असे ठेवलेले हवे. ट्रायमरान बघायला गेलेल्या माणसाने उशा-गाद्यांआधी ही झडप शोधावी.

वेगाचे म्हणाल तर २०१७ साली फ्रेंच फ्रान्स्वा गाबार ट्रायमरानमधून एकटाच ४२ दिवस १६ तासांत जगाला फेरी मारून आला. पण ते शर्यतीचे यंत्र, त्यात संसार मांडता येत नाही.

गोल्डन ग्लोब २०१८ साली पन्नास वर्षांनी पुन्हा भरली तेव्हा नियमांनीच ट्रायमरान बाहेर ठेवली, फक्त जुन्या धाटणीच्या साध्या बोटी. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्यात 'तुरिया' घेऊन उतरले. ती आपल्या गोव्यात बांधलेली, मुंबईच्या सुहेलीची प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरात सप्टेंबरमध्ये तीही उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. मात्र तुरिया सुलटी झाली होती, आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाज पोचेपर्यंत ते तिच्याच केबिनमध्ये पडून होते.