मुंबईत कोठे उतरावे? : नवागताच्या पहिल्या मुक्कामाचा ऐतिहासिक विचार

परगावी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला ‘कोठे निघालात?’ आणि दुसरा ‘उतरणार कोणाकडे?’ या दुसऱ्या प्रश्नाची शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. ‘कोठे’ असे न म्हणता ‘कोणाकडे’ असे म्हटले जाते; म्हणजे मुक्कामाचे ठिकाण हे स्थळ नसून व्यक्ती आहे, असे प्रश्नकर्ता गृहीत धरतो. मराठी भाषेने ‘उतरणे’ आणि ‘बिऱ्हाड करणे’ यांत जो भेद केला आहे तोही असाच अर्थपूर्ण आहे. बिऱ्हाडाचा, म्हणजे स्थिर वस्तीचा विचार मुंबईच्या इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. चाळींची दाटी, भाड्याचे दर, आरोग्याची हेळसांड यांवर सरकारी अहवालांची व ग्रंथांची कमतरता नाही. परंतु नवागत प्रथम उतरला कोठे, आणि ते ठिकाण त्याने कसे निवडले, या प्रश्नाकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या मुंबईपुरता हा प्रश्न विचारात घेतला आहे.

लेखाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगणे बरे. मुंबईत येणाऱ्या बहुसंख्य सामान्य माणसांच्या बाबतीत पहिल्या मुक्कामाची निवड मुंबईत होत नसे. गाव सोडण्यापूर्वीच ती झालेली असे, आणि ती खिशातील पैशापेक्षा ओळखीवर अवलंबून असे. ज्या व्यवस्थेने ओळखीच्या माणसाला दार उघडले, त्याच व्यवस्थेने ज्याची ओळख अडचणीची होती त्याला ते बंद ठेवले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज या व्यवस्थेचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट होणार नाही.

१

प्रथम या प्रश्नाचा विस्तार ध्यानात घ्यावा. १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण झाला आणि देशावरून मुंबईस थेट येणे शक्य झाले. कोकणातील माणूस मात्र पुढेही दीर्घकाळ गलबताने व आगबोटीने येत राहिला. रत्नागिरी–सिंधुदुर्गाला सलग लोहमार्ग मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. १८५६ मध्ये ताडदेव येथे कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली, आणि पुढील काही दशकांत गिरणी हेच बाहेरून येणाऱ्यांचे मुख्य आकर्षण ठरले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्ये फुटल्यावर १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ इतकी खाली आली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांची घट व्हावी, याचा अर्थ शहरातील फार मोठा समाज केवळ उतरलेला होता, त्याने बिऱ्हाड केलेले नव्हते. १९२१ मध्येही शहरातील सुमारे ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२५ एवढेच होते. शहराच्या रहिवाशांपैकी इतक्या मोठ्या भागाच्या आयुष्यात मुंबईतील एक पहिली रात्र होती. तिची सोय कशी होत असे?

२

या सोयीचे प्रकार स्थूलमानाने चार होते.

पहिला प्रकार धर्मशाळेचा. यात्रेकरूला व वाटसरूला आसरा देणे हे पुण्यकर्म मानले जाई, आणि मुंबईतील धनिक व्यापाऱ्यांनी ही जुनी परंपरा नव्या शहरात आणली. सी. पी. टँकजवळचा माधवबाग हा १८७५ च्या सुमाराचा. त्याच परिसरातील हिराबाग ही जैन धर्मशाळा विसाव्या शतकाच्या आरंभीची. हजला जाणाऱ्यांचे मुंबई हे मोठे बंदर असल्यामुळे मुसाफिरखानेही येथे उभे राहिले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना प्रसिद्ध आहे. मात्र धर्मशाळेत मुदत थोडी असे आणि दात्याने घालून दिलेल्या नियमांत धर्म, पंथ वा ज्ञाती यांची अट बहुधा असे. चार दिवसांच्या कामासाठी आलेल्यास ती पुरे. नोकरीच्या शोधात आलेल्यास ती अपुरी पडे.

दुसरा प्रकार खानावळीचा व तिच्यातून विकसित झालेल्या ‘गृहां’चा. गिरगाव, ठाकुरद्वार, काळबादेवी या भागांत कारकून, विद्यार्थी आणि कोर्टकचेरीच्या कामासाठी आलेले पक्षकार यांची सोय येथे होई. येथे निवडीचा निकष खोलीपेक्षा स्वयंपाकघर हा होता. अन्न कोण शिजवितो, पंगतीला शेजारी कोण बसतो, हे कळल्याखेरीज पांढरपेशा गृहस्थ पथारी टाकीत नसे. म्हणून पाटीवर ज्ञातीचा निर्देश असे, किंवा ‘गृह’, ‘आश्रम’ अशी नावे घेऊन अपेक्षित गिऱ्हाईक सूचित केले जाई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबईच्या मुक्कामात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान तेथेच झाले, हे सर्वश्रुत आहे. १८७१ मध्ये सुरू झालेले वॉटसनचे हॉटेल अथवा १९०३ च्या डिसेंबरात उघडलेले ताजमहाल हॉटेल ही या नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाची स्थळे होत. सामान्य नवागताच्या विचारातही ती येत नसत.

तिसरा प्रकार गावाच्या खोलीचा. कोकणातील व घाटावरील एकेका गावाच्या लोकांनी परळ, लालबाग, वरळी, चिंचपोकळी अशा वस्त्यांत चाळीतील एखादी खोली सामाईक भाड्याने घेतलेली असे. भाडे वर्गणीने भागविले जाई. भिंतीशी पत्र्याच्या पेट्या, दांडीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या, एवढाच संसार. गिरण्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक गडी कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा निजे. जेवण जवळच्या खानावळवालीकडे. महिनाभर उधारीवर जेवावयाचे आणि पगार झाला की पैसे चुकते करावयाचे, अशी रीत होती. गावाहून नवा मुलगा आला की त्याने थेट या खोलीवर यावे आणि काम लागेपर्यंत त्याच्याकडे वर्गणी मागू नये, असा संकेत असे.

चौथा प्रकार गोमंतकीयांच्या कुडींचा. कोंकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून मुंबईस येणारे ख्रिस्ती आचारी, वादक आणि विशेषतः जहाजांवरील खलाशी यांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागणिक अशा कुडी स्थापिल्या. दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशाला स्वस्त मुक्काम हवा असे आणि पेटी ठेवण्यास सुरक्षित जागाही. कुडीत ग्रामदैवतासमान असलेल्या संताची वेदी असे, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई, सभासदत्वाची वर्गणी व शिस्तीचे नियम असत. गावाची खोली आणि कूड यांचा धर्म निराळा, व्यवसाय निराळा, अन्न निराळे. परंतु रचना जवळजवळ एकच आहे. यावरून ही रचना एखाद्या समाजाच्या स्वभावधर्मातून निघाली नसून मुंबईच्या परिस्थितीतून निघाली, असा निष्कर्ष काढता येतो.

३

ही परिस्थिती कोणती? मुंबईत काम मिळे ते मुकादमाच्या मार्फत, उधार मिळे ते वाण्याच्या व खानावळवालीच्या विश्वासावर, आणि खोली मिळे ती भाडे बुडणार नाही या भरवशावर. या तिन्ही व्यवहारांत नवागताला कोणीतरी हमी द्यावी लागे. अपरिचित माणसापाशी हमी नसते. त्याच्या गावच्या माणसापाशी मात्र ती असते. कारण गावात त्याचे घर, त्याची जमीन, त्याचे भाऊबंद सर्वांना ठाऊक असतात, आणि मुंबईत त्याने लबाडी केली तर तिचा जाब गावात विचारता येतो. गावाची खोली ही अशा रीतीने गावातील पत शहरात चालती करणारी संस्था होती. १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डरची सोय केल्यावर पैशाचा ओघ उलट दिशेने गावाकडे नियमित वाहू लागला आणि ही साखळी पूर्ण झाली.

म्हणूनच या खोल्यांकडे केवळ दैन्याचा पुरावा म्हणून पाहणे अपुरे आहे. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुंबईतील कामगारांच्या एकखोली जीवनाचे जे चित्र रेखाटले ते यथार्थ आहे. तेथील हवा कोंदट होती व रोगराई भयंकर होती. परंतु त्याच खोलीने माणसाला संकटात परतीची वाट मोकळी ठेवली. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ प्रकट झाल्यावर पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपातही अनेक कामगारांनी गावचा आश्रय घेतला. गावाशी असलेले नाते न तुटणे ही कामगाराची मागासलेली वृत्ती नव्हती; शहराने त्याला कोणतीच शाश्वती दिली नसल्यामुळे त्याने ती स्वतः राखली होती.

४

येथवर पाहिलेली बाजू उजळ आहे. दुसरी बाजू अशी की, ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळख तपासल्याशिवाय चालू शकत नाही. नाव, गाव, ज्ञाती विचारूनच वळकटी आत घेतली जाई. अस्पृश्य गणलेल्या माणसाला खानावळीची पंगत, ज्ञातीची धर्मशाळा आणि गावातील सवर्णांची खोली ही तिन्ही स्थळे बंद होती. गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले होते, आणि गावाची जी प्रतिकृती शहरात आली तिच्याबरोबर ती वेसही आली.

या वस्तुस्थितीचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईचा नसून बडोद्याचा आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो कोठे उतरावे हाच. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे उघड होते. शेवटी पारशांच्या एका विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी तेथे आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती परिचिताकडे विचारणा करूनही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक उद्यानात वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. आपल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी ही हकीगत स्वतः लिहून ठेवली आहे. पदवी होती, नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. तरी दार बंद राहिले. पैशापेक्षा ओळख प्रबळ होती हे विधान यापुढे सिद्ध करण्याची गरज उरत नाही.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा जो ठराव संमत झाला, त्यात सार्वजनिक पाणवठे व विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहामुळे या ठरावातील पाण्याचा भाग आपल्या स्मरणात राहिला. मुक्कामाचा भाग विस्मृतीत गेला. शिवाय ठराव होता तो सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या वा शासननियुक्त मंडळांकडे असलेल्या स्थळांपुरता. खाजगी दानधर्माच्या धर्मशाळा व खानावळी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. पुढे भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा हक्क नमूद झाला आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा सांगणारा कायदा झाला.

स्त्रियांची स्थिती वेगळ्या प्रकारे बिकट होती. गावाची खोली व कूड या मूलतः पुरुषांच्या संस्था. एकटी स्त्री नातलगाच्या घरीच उतरू शके. नातलग नसेल तर तिच्यासाठी प्रतिष्ठित असे ठिकाण जवळजवळ नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले, ते विधवांच्या शिक्षणाचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पण कोणाच्याही नात्याच्या आधाराशिवाय स्त्रीला राहता येईल असे घर, हाही त्याचा एक अर्थ होता. गंमत अशी की, पुरुषांच्या या साऱ्या मुक्कामाचा भार ज्यांच्या चुलीवर होता त्या खानावळवाल्या स्त्रियाच होत्या. त्यांच्या श्रमांची व कर्जबाजारीपणाची संघटित दखल घेतली जाण्यास १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापीपर्यंत वाट पाहावी लागली.

५

१९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या, चाळी पाडून मनोरे उभे राहू लागले, आणि गावाच्या खोल्या व कुडी यांची संख्या घटत गेली. यामुळे संशोधकापुढे एक निकडीचे काम उभे आहे. ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, कुडींच्या नियमावल्या, खानावळींची उधारीची बाडे ही साधने कोणत्याही दफ्तरखान्यात नाहीत. ती पेट्यांत आहेत, आणि खोली गेली की पेटीही जाते. १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर हे स्वतः गोव्यातून बालपणी या शहरात आलेले. शहराचे वर्णन नवागताच्या कुतूहलाने करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिला या कागदपत्रांची जोड मिळाली पाहिजे.

अशा वह्या हाती आल्यावर त्यांतील नावे मोजून थांबू नये. कोणाला किती दिवस वर्गणी माफ केली, कोणाच्या शब्दावर कोणास आत घेतले, याची नोंद पाहावी. आणि त्याच गावातील कोणत्या वस्तीचे एकही नाव त्या वहीत नाही, हेही तितक्याच काळजीने पाहावे. घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्यास आजही प्रथम आडनाव विचारले जाते, अन्नाच्या सवयी विचारल्या जातात. ही चौकशी कोठून आली आणि तिने कोणाला वाचविले व कोणाला रस्त्यावर ठेवले, याचे उत्तर त्या वह्यांत शोधता येईल.