कोडिंग शिकायचंय, पण पहिली भाषा कोणती? फीचा हप्ता भरण्याआधी हे वाचा

बोईसर : बारावीचा निकाल लागला की मोबाइलवर कोडिंग क्लासच्या जाहिराती सुरू होतात. कुणी म्हणतं पायथन शिक, कुणी म्हणतं आधी सी पक्की कर, मामाचा मुलगा सांगतो की जावाशिवाय नोकरीच नाही. बोईसर, मनोर, विक्रमगड, जव्हारकडच्या ज्या घरात आजवर कुणी कॉम्प्युटर शिकलेलं नाही, तिथे या गोंधळातच पहिला हप्ता भरला जातो. पोरगं दोन महिन्यांत कंटाळतं आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. पुष्कळदा चूक पोराची नसते, भाषा कुणाच्या तरी सांगण्यावरून निवडलेली असते.

प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे कॉम्प्युटरला क्रमाने हुकूम देण्याची ठरावीक पद्धत. अशा भाषा शेकड्याने आहेत, पण आतला विचार बराचसा सारखाच असतो : माहिती घ्या, साठवा, अट तपासा, तेच काम पुन्हा पुन्हा करा, उत्तर दाखवा. सायकल आली की मोटरसायकलचा तोल नव्याने शिकावा लागत नाही, तसंच हे. म्हणून पहिल्या भाषेत जन्माची गाठ पडते, ही भीती काढून टाकावी. प्रश्न एवढाच, की कुठल्या भाषेत तो पहिला तोल लवकर सापडतो.

खास कारण नसेल तर पायथन

ज्याच्यासमोर अजून ठरावीक काम किंवा परीक्षा नाही, त्याने पायथन घ्यावी. हॉलंडच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. कंस-अर्धविरामांची गर्दी कमी, वाक्यं छोटी आणि चुकलं तर नेमकी कितवी ओळ ते ती सांगते. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. पण सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच असतात : इफ, एल्स, फॉर, व्हाइल, प्रिंट असे. लाल अक्षरांत एरर आली की घाबरून सगळी वाचत बसू नये, शेवटची ओळ आधी वाचावी. खरं कारण बहुधा तिथेच असतं.

पहिला प्रोग्राम घरातलाच घ्यावा. डहाणू-घोलवडकडे चिकूची वाडी असेल तर वजन आणि किलोचा भाव विचारून एकूण रक्कम काढणारा. हे तीन ओळींत होतं. इथे प्रत्येक नवशिका एकदा अडतोच : कीबोर्डवरून आलेला आकडा पायथन आधी आकडा मानत नाही, अक्षरं मानते. त्यामुळे १२ आणि ५ ची बेरीज १७ न येता १२५ येते आणि गुणाकार केला तर सरळ एरर. त्या आकड्याभोवती 'फ्लोट' हा शब्द आणि कंस लावला की काम होतं. गंमत म्हणजे तिथे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तरी पायथन ते ओळखते. प्रोग्राममधल्या नावांनाही 'वजन', 'भाव' असे मराठी शब्द चालतात.

लॅपटॉप नाही, मग?

पहिल्या महिन्यासाठी साधा अँड्रॉइड फोन पुरतो. 'पायड्रॉइड ३' हे अॅप एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही पायथन चालते, त्यामुळे रेंज येते-जाते अशा पाड्यावरही सराव थांबत नाही. जाहिराती येतात, काही सोयींना पैसे पडतात, पण शिकण्यापुरतं फुकटात भागतं. महिनाभर रोज अर्धा तास टिकला, तरच सेकंडहँड लॅपटॉपचा विचार करावा. मोबाइल अॅप बनवायचं म्हणून थेट अँड्रॉइड स्टुडिओकडे जाणाऱ्याने आधी लॅपटॉपची रॅम बघावी. ८ जीबीच्या खाली ते धापा टाकतं.

शिकवणीसाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. छोटे व्हिडिओ, फुकट, त्यातले बरेच मराठी आवाजात. इंग्रजी ऐकून समजत असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन' हा कोर्स आहे. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी.

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी

आपल्या भागात मात्र एक वेगळी गोष्ट आहे आणि ती जाहिरातींत कुठेच नसते. तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल, औषध, कापड आणि स्टीलच्या कारखान्यांत मोटार, व्हॉल्व्ह, पंप चालवणारा पॅनलमधला छोटा कॉम्प्युटर म्हणजे पीएलसी. त्याचीही भाषा असते. सगळ्यात जास्त चालते ती लॅडर. नावाप्रमाणे शिडीच : दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिलेच्या मोठाल्या पॅनलना पर्याय मागितला, त्यातून पीएलसी आला. जुन्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणूनच भाषेचा आकार सर्किटसारखा ठेवला.

म्हणूनच आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेल्याला ती पायथनपेक्षा लवकर समजू शकते. डीओएल स्टार्टरचं सर्किट आठवावं : स्टार्ट बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढतो आणि स्टार्टला समांतर लावलेला होल्डिंग कॉन्टॅक्ट बटण सोडल्यावरही मोटार चालू ठेवतो. लॅडरचा पहिला धडा हाच असतो. मेंटेनन्समध्ये हेल्पर म्हणून लागलेल्या पोराने 'आयटीवाली' भाषा शिकायला अंधेरीपर्यंत लोकल पकडण्याआधी हा विचार जरूर करावा.

सराव मात्र लॅपटॉपवरच. 'कोडेसिस' हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट उतरवता येतं आणि खऱ्या पीएलसीशिवाय प्रोग्राम चालवून दाखवतं. चालू प्लांटच्या पॅनलला शिकण्यासाठी हात लावायचा नाही. रिअॅक्टरचं तापमान वाढल्यावर सप्लाय तोडणारा इंटरलॉकही त्याच प्रोग्राममध्ये असू शकतो. तिथली एक ओळ बदलली तर एरर स्क्रीनवर येत नाही, प्लांटमध्ये येते.

स्टोअर, डिस्पॅच, क्वालिटीत बसणाऱ्यांनी आधी एक्सेलचे फॉर्म्युले पक्के करावेत. रोजचं कामही हलकं होतं आणि पुढे पायथन घेताना अट आणि हिशोबाचा विचार डोक्यात बसलेला असतो.

परीक्षा समोर असेल तर वाद नको

राज्य मंडळाच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये सी प्लस प्लस, तर आयटी विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहे. डिप्लोमा-इंजिनीअरिंगमध्ये बऱ्याचदा सीपासून सुरुवात होते. तिथे पेपरात जी भाषा तीच शिकायची. सी १९७२ च्या सुमाराची, कडक मास्तरासारखी. एक अर्धविराम राहिला तरी अडवते. वेबसाइट बनवायची हौस असेल त्याने एचटीएमएल आणि मग जावास्क्रिप्ट घ्यावी, कारण केलेलं लगेच ब्राउझरमध्ये दिसतं. जावा आणि जावास्क्रिप्ट नावाने भावंडं वाटतात, पण दोन्ही वेगळ्या भाषा आहेत. क्लासवाल्याला हा फरक सांगता येतो का, हे विचारून पाहायला हरकत नाही.

एमएस-सीआयटी झालं म्हणजे कोडिंग आलं, असाही समज गावोगाव आहे. तो कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे, प्रोग्रामिंगचा नाही. आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड मात्र दहावीनंतर करता येतो आणि त्यात जावास्क्रिप्ट शिकवतात. प्रवेशाच्या वेळी जवळच्या आयटीआयच्या यादीत तो आहे का, ते बघावं.

क्लास लावायचाच असेल तर

आधी दोन आठवडे फोनवर करून बघावं. मग क्लासमध्ये एक तास बसू द्या म्हणावं आणि मुलं स्वतः टाइप करतात की फळ्यावरचं उतरवून घेतात, ते पाहावं. 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असतील तर कुठल्या कामाची, किती पगाराची आणि नाही मिळाली तर फी परत का, हे लेखी मागावं. 'फी'च्या नावाखाली फायनान्स कंपनीचं कर्ज निघत नाही ना, हे सही करण्याआधी घरातल्या मोठ्यांनी कागद वाचून बघावं. क्लास सोडला तरी त्याचे हप्ते चालूच राहतात. पावती ठेवावी. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.