होडी, घोडा आणि लाट



होडी चालली म्हणजे तिच्या नाळेपासून दोन्ही बाजूंस लाटा फांकत जातात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. दिसावयास त्या शोभिवंत. पण त्या उठविण्याचे श्रम नावाड्याच्याच बाहूंना पडतात. वेग वाढतो तसतशी लाट लांब होते, आणि ती होडीइतकी लांब झाली कीं होडी आपणच उठविलेल्या चढावाशीं झगडत राहते. १६ फुटी होडीला ही मर्यादा ताशीं सुमारें ६ मैलांवर गांठते.

कालव्याच्या उथळ पाण्यांत याच लाटेनें एक निराळें कोडें घातलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्कॉटलंडांत घोड्यांनीं ओढलेल्या नौका उतारू नेत असत. वेग थोडा वाढला कीं मागील फेसाळ लाट कांठ ढासळून टाकी. उतारूंना वेळ वांचवावयाचा होता, मालकांना कांठ राखावयाचा होता. १८३० च्या सुमारास ग्लासगो-पेस्ली कालव्याचे एक भागीदार विल्यम ह्यूस्टन यांच्या हलक्या नौकेचा घोडा बुजून उधळला. नौका भरधांव ओढली गेली; आणि नवल असें कीं, कांठ फोडणारी लाटच नाहींशी झाली व घोड्यावरील भारही हलका झाला!

याचें कारण असें. उथळ पाण्यांतील लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ५ फूट खोलीस तो ताशीं सुमारें ८॥ मैल भरतो. त्या वेगाच्या आंत नौका लाटेमागें कष्टत राहते. तो ओलांडला कीं ती लाटेच्या माथ्यावर स्वार होते. ह्यूस्टन यांनीं हें हेरलें, आणि लवकरच लांब, हलक्या नौका जोडघोड्यांनीं ताशीं ९ ते १० मैल धांवूं लागल्या.

ही हकीकत नमूद करणारे जॉन स्कॉट रसेल हे १८३४ सालीं एडिंबरोजवळ युनियन कालव्यावर अशीच एक नौका पाहात होते. नौका एकाएकीं थांबली. पाणी मात्र थांबलें नाहीं. सुमारें ३० फूट लांब व १ ते १॥ फूट उंच असा एकच उंचवटा ताशीं ८-९ मैलांनीं पुढें निघाला. रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागें गेले. तो निबंध १८४५ सालीं प्रसिद्ध झाला. १८९५ सालीं कोर्टवेग आणि द व्ह्रीस यांनीं त्या लाटेचें समीकरण मांडलें.

नौकांचें भाग्य मात्र थोडकें ठरलें. एडिंबरो-ग्लासगो आगगाडी १८४२ सालीं सुरू झाली. पेस्लीचा कालवा १८८१ सालीं बंद पडला आणि १८८५ सालीं त्याच्या मार्गावरून आगगाडी धांवूं लागली.

तरीही त्या कालव्यानें शिकविलेला धडा यंत्रनौकांच्या काळांत जुना झालेला नाहीं. लाटेची उंची दुप्पट झाली कीं तिची शक्ति चौपट होते आणि ती कांठावरच आदळते. माथ्यावर चढून लाट चुकविणें हलक्या नौकेलाच साधतें. भारी नौकेनें अरुंद पाण्यांत वेग आवरावा, हेंच कांठावरील शेताच्या व घराच्या हिताचें आहे.